महापौर (ठाणे व नवी मुंबई)

महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेचा निर्वाचित अध्यक्ष व शहराचा प्रथम नागरिक. ठाणे महानगरपालिका 1 ऑक्टोबर 1982 रोजी, तर नवी मुंबई महानगरपालिका 1 जानेवारी 1992 रोजी अस्तित्वात आली. सतीश प्रधान ठाण्याचे आणि संजीव नाईक नवी मुंबईचे पहिले महापौर. दोन्ही शहरांना 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. मुंबईचा कायदा वेगळा, 1888 चा.

बहुमताच्या जोरावर पंतप्रधान देश चालवतो, तसा महापौर शहर चालवतो, असा समज सर्रास आढळतो. कायदा तसे म्हणत नाही. कलम 67 नुसार महापालिकेचा कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतो आणि आयुक्त नेमते राज्य शासन. ठेकेदाराचे देयक रोखणे, अभियंत्याची बदली, अनधिकृत बांधकाम पाडण्याचा आदेश, यांपैकी काहीच महापौरांच्या सहीने होत नाही. महापौर दालनात दिलेला अर्ज शेरा मारून प्रशासनाकडे जातो. त्यामुळे गटार तुंबल्याची तक्रार ठाण्यात प्रभाग समिती कार्यालयात आणि नवी मुंबईत विभाग कार्यालयात थेट दिलेली बरी.

मुंबई व नागपूर येथे 1998 मध्ये महापौर परिषदेचा, म्हणजे शहरापुरत्या मंत्रिमंडळाचा प्रयोग झाला. तो लवकरच गुंडाळला गेला. ठाणे-नवी मुंबईपर्यंत तो पोहोचलाच नाही.

महापौराची निवड नगरसेवक आपल्यातूनच करतात (ठाण्यात 131, नवी मुंबईत 111 जागा). मतदान हात वर करून होते. मुदत अडीच वर्षांची. पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव, हे नगरविकास विभागाच्या सोडतीत ठरते. बहुमत असूनही त्या प्रवर्गातला नगरसेवक पक्षाकडे नसला, तर पद हातचे जाऊ शकते.

महापौरांची खरी ताकद सभागृहात दिसते. सभा बोलावणे, विषय पुकारणे, सभा तहकूब करणे आणि समसमान मते पडल्यास निर्णायक मत देणे त्यांच्या हाती असते. एकचतुर्थांश नगरसेवकांनी लेखी मागणी केल्यास विशेष सभा बोलवावीच लागते. ठाण्यात त्यासाठी 33, नवी मुंबईत 28 सह्या लागतात. गडबड बहुधा ऐनवेळच्या, म्हणजे कार्यपत्रिकेत नसलेल्या विषयांत होते. सभा संपता संपता ते चर्चेविना मंजूर होतात आणि ठरावाचे नेमके शब्द इतिवृत्त (सभेच्या कामकाजाची लेखी नोंद) हाती आल्यावरच कळतात. आक्षेप इतिवृत्त कायम होण्याआधी नोंदवावा. नंतर फार काही उरत नाही. मंजूर ठरावही अंतिम नसतो, कारण कलम 451 खाली राज्य शासन तो निलंबित वा विखंडित (रद्द) करू शकते.

आयुक्तांना शासनाकडे परत पाठवण्यासाठी एकूण नगरसेवकांपैकी किमान पाचअष्टमांश मते लागतात, म्हणजे ठाण्यात 82 आणि नवी मुंबईत 70. नवी मुंबईत ऑक्टोबर 2016 मध्ये तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्धचा ठराव शंभराहून अधिक मतांनी मंजूर झाला. तरी त्यांची बदली झाली ती मार्च 2017 मध्ये. आकडे सभागृहाकडे होते, शेवटचा शब्द मंत्रालयाकडे.

अर्थसंकल्पाचा मार्गही महापौरांना वळसा घालून जातो. आयुक्त तो स्थायी समितीला सादर करतात आणि समितीचे सभापती सर्वसाधारण सभेपुढे मांडतात. समिती 16 जणांची असते. निविदांच्या मंजुरीमुळे सभापतिपदासाठी कधी कधी महापौरपदापेक्षा जास्त चुरस असते. नवी मुंबईत आणखी एक अडचण आहे: बऱ्याच मोकळ्या भूखंडांची मालकी सिडकोकडे (शहर वसवणारे शासकीय महामंडळ) आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा एमआयडीसीकडे (राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ). मैदान वा रुग्णालयाचा ठराव झाला, तरी भूखंड मिळेपर्यंत तो कागदावरच राहतो.

सभागृहाची मुदत संपून निवडणूक लांबली, तर प्रशासक नेमला जातो आणि सर्वसाधारण सभा व स्थायी समिती या दोन्हींचे अधिकार त्याच्याकडे जातात. नवी मुंबईत मे 2020 पासून आणि ठाण्यात मार्च 2022 पासून हीच व्यवस्था होती. दोन्ही महापालिकांसाठी मतदान 15 जानेवारी 2026 रोजी झाले.