आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर जठरातील आम्ल का वाढते?

लहान आतड्याचा भाग काढलेल्या रुग्णाला घरी सोडताना डॉक्टर जी औषधे लिहून देतात, त्यांत बहुतेक वेळा आम्ल कमी करणारी एक गोळी असते. स्टोमाच्या (मल बाहेर पडण्यासाठी शस्त्रक्रियेने पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाच्या) पिशव्या नेण्यासाठी आमच्याकडे येणारे ग्राहक आणि त्यांचे नातेवाईक या गोळीविषयी वारंवार विचारतात. शस्त्रक्रिया आतड्याची झाली, जठराला हातही लावला नाही, मग ही गोळी कशासाठी? छातीत जळजळ होत नाही म्हणून काही जण ती परस्पर बंदही करतात. हे माहितीपत्रक त्यासाठी काढले आहे.

जठरात दिवसाकाठी साधारण दोन लिटर पाचकरस तयार होतो, पण तो किती स्रवावा हे जठर एकटे ठरवत नाही. अन्न पोटात गेले की जठराच्या खालच्या भागातून गॅस्ट्रिन हे संप्रेरक रक्तात मिसळते आणि आम्ल तयार करणाऱ्या पेशींना चालना देते. पुढे तेच अन्न लहान आतड्यात उतरले, की आतड्याच्या अस्तरातून सिक्रेटिन, पेप्टाइड वायवाय यांसारखी संप्रेरके निघतात आणि जठराला आवरते घ्यायला लावतात. (सिक्रेटिनचा शोध बेलिस आणि स्टार्लिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये लावला, म्हणजे आतडे जठरावर अंकुश ठेवते ही गोष्ट काही नवी नाही.) आतड्याचा मोठा भाग काढला गेला की ही अंकुश ठेवणारी संप्रेरके कमी पडतात. शिवाय रक्तातील गॅस्ट्रिनचा निचरा करण्यातही लहान आतड्याचा वाटा असल्याने ते रक्तात अधिक प्रमाणात राहते, आणि जठर गरजेपेक्षा जास्त आम्ल स्रवू लागते.

हा परिणाम सर्वांना सारखा होत नाही. काही सेंटिमीटरचा तुकडा काढला असेल किंवा शस्त्रक्रिया केवळ मोठ्या आतड्याची असेल, तर सहसा फारसा फरक पडत नाही. लहान आतड्याचा बराच भाग गेला असेल, विशेषतः शिल्लक आतडे दोन मीटरपेक्षा कमी असेल, तर मात्र ही शक्यता गंभीरपणे घ्यावी लागते. आपले किती आतडे शिल्लक आहे हा आकडा रुग्णालयाच्या कागदांत नोंदलेला असतो. तो विचारून ठेवावा, कारण पुढच्या प्रत्येक डॉक्टरला तो लागतो.

वाढलेल्या आम्लाने जठराला किंवा त्यालगतच्या आतड्याला व्रण होऊ शकतो. पण आमच्या ग्राहकांना अधिक जाणवतो तो दुसरा परिणाम. स्वादुपिंडाचे चरबी पचवणारे विकर (एन्झाइम) आम्लात निकामी होते, पित्तातील क्षारही नीट काम करत नाहीत, त्यामुळे तेलकट, फिकट, उग्र वासाचा मल येतो. त्यातच जादा पाचकरस आखूड झालेल्या आतड्यात उतरतो आणि तो शोषून घ्यायला पुरेशी जागा नसते. पिशवी पुन्हापुन्हा भरते, त्यात पातळ पाण्यासारखा द्रव दिसतो आणि शरीरातील पाणी व मीठ निघून जाते. म्हणजे ही गोळी केवळ जळजळीसाठी नाही; पिशवीत येणारा द्रव कमी व्हावा, हाही तिचा उद्देश आहे.

स्टोमाभोवतीची त्वचा सोलवटते, तेव्हा तो दोषही जठरातील आम्लावर टाकला जातो. लहान आतड्याच्या स्टोमात त्वचेला मुख्यतः पाचक विकरे इजा करतात, आणि बऱ्याचदा खरे कारण असते पिशवीच्या त्वचेला चिकटणाऱ्या चकतीचे मोठे कापलेले भोक. गोळी वाढवण्यापूर्वी ते माप तपासून घ्यावे.

ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोलसारखी गोळी साधारणपणे जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. तिच्यावरचे आवरण औषधाला जठरातील आम्लापासून वाचवते, म्हणून ती कुटून किंवा चावून घेऊ नये. औषध शोषले जाते ते लहान आतड्यात, त्यामुळे आतडे फारच आखूड असेल तर गोळी जशीच्या तशी पिशवीत आलेली दिसते. असे झाल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. ते औषधाचा प्रकार बदलू शकतात. आम्लासाठी दुकानातून स्वतःहून पातळ औषध आणणे आम्हाला योग्य वाटत नाही, कारण त्यांतल्या मॅग्नेशियममुळे जुलाब वाढू शकतात.

आम्लाची ही वाढ बहुधा तात्पुरती असते आणि सहा महिने ते वर्षभरात ओसरते. त्यानंतर गोळी चालू ठेवायची का, हे डॉक्टरांना आपणहून विचारावे. ती वर्षानुवर्षे घेतल्यास रक्तातील मॅग्नेशियम आणि ब१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. लहान आतड्याचा शेवटचा भाग ज्यांना उरलेला नाही, त्यांना ब१२ ची उणीव मुळातच होते. मात्र गोळी एकदम सोडल्यास आम्ल काही काळ उसळून वाढते, तेव्हा ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच थांबवावी.

पिशवीतील द्रव दिवसाला दीड लिटरच्या वर जात असेल, तर तहान भागवण्यासाठी नुसते पाणी पीत राहू नये, त्याने द्रव आणखी वाढतो. मीठ-साखरेचे द्रावण किती घ्यायचे ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. लघवी फार कमी होणे, चक्कर येणे, काळाकुट्ट मल किंवा उलटीत रक्त दिसणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे.