नदीची तब्येत दगडाखाली कळते

नदीकाठच्या राखीव निसर्गक्षेत्रात फिरायला आलेली मंडळी पाण्यापाशी पोचली की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "काय नितळ पाणी आहे, म्हणजे स्वच्छच असणार!" पण विरघळलेली खतं, कीटकनाशकं, रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत. नदीची तब्येत विचारायची असेल तर मोठ्यांनी आणि मुलांनी मिळून घोटाभर पाण्यात उतरावं, तळहाताएवढा दगड अलगद उचलावा आणि त्याची खालची बाजू बघावी.

आधी काहीच दिसत नाही. मग चिखलाचा डाग वाटलेला एक ठिपका सरकतो. चपटं अंग, सहा पाय, मागे दोन-तीन दोऱ्यांसारख्या शेपट्या. हे मेफ्लाय या कीटकाचं पिल्लू. पांढऱ्या बशीत नदीचंच थोडं पाणी घेऊन त्यात सोडलं, तर पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले थरथरताना दिसतात. मला या कल्ल्यांचं फार कौतुक आहे.

एक लिटर हवेत साधारण २८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर पाण्यात मात्र २० अंश सेल्सिअसला जेमतेम ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच. शिवाय पाण्यात तो हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. त्यामुळे कल्ल्याला लगटून असलेल्या पाण्याच्या पातळ थरातला प्राणवायू झपाट्याने घटतो आणि बाहेरून भरपाई व्हायला वेळ लागतो. तो थर सतत बदलत राहायला हवा. प्रवाह हे काम फुकट करतो. प्रवाह मंदावला की कल्ले हलवावे लागतात. स्टोनफ्लाय या दगडाखालच्याच दुसऱ्या कीटकाची पिल्लं तर प्राणवायू कमी पडला की जोर काढल्यासारखं अंग वर-खाली करतात.

आता या पाण्यात सांडपाणी सोडा. जिवाणू त्यातली घाण खातात आणि खाताना प्राणवायू वापरतात. पाण्याच्या पृष्ठभागातून नवा प्राणवायू विरघळत असतो, पण खर्च जमेपेक्षा जास्त असेपर्यंत पातळी उतरतच जाते. म्हणून सर्वांत वाईट जागा नाल्याच्या तोंडाशी नसते, ती प्रवाहात बरीच खाली सापडते. स्ट्रीटर आणि फेल्प्स या संशोधकांनी अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या अभ्यासातून १९२५ साली याचं गणित मांडलं. "वाहत्या पाण्याला दोष नसतो" म्हणणाऱ्यांनी ही वजाबाकी एकदा करून पाहावी. वाहण्याने शुद्धी होते, पण त्याला वेळ लागतो, अंतर लागतं आणि घाणीला मर्यादा लागते. रोगजंतू आणि रसायनं यांचा हिशेब तर याहून वेगळा.

अशा ठिकाणी मेफ्लाय, स्टोनफ्लाय विरळ होतात आणि गाळात लालभडक अळ्या वळवळू लागतात. त्या कायरोनॉमिड माश्यांच्या. त्यांचा लाल रंग आपल्या रक्तातल्यासारख्या हिमोग्लोबिनचा, म्हणून त्या थोड्या प्राणवायूवरही तगतात. त्या स्वच्छ पाण्यातही असू शकतात. काळजी करायची ती फक्त त्याच उरल्या असतील तेव्हा.

बाटलीतला नमुना त्या क्षणाचं पाणी दाखवतो. दगडाखालच्या पिल्लाने तिथे कित्येक आठवडे, कधी महिने काढलेले असतात. परवा रात्री कोणी गुपचूप काही सोडून गेलं, तर बाटली आज निर्दोष निघेल, पण दगड रिकामा सापडेल.

बघून झालं की बशीतलं पिल्लू पाण्यात सोडा आणि दगड होता तिथेच, होता तसाच ठेवा. त्याच्या खालच्या अंगाला कॅडिसफ्लाय या कीटकाच्या अळीने रेशमाने वाळूचे कण जोडून केलेलं घर चिकटलेलं असू शकतं, आणि आत ती अळी असते.