मुलांनी मदतनिधी गोळा करायचं ठरवलं तर : परवानगी कुणाची, कागद कोणते आणि अर्ज कुठे अडतो

पूर आला किंवा वस्तीतल्या अभ्यासिकेला पुस्तकं हवी असली की नववी ते बारावीतली मुलं चटकन पुढे येतात. पोस्टर तयार होतं, डबा तयार होतो, कुणाच्या तरी आईचा क्यूआर कोड छापला जातो आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गणी सुरू. मग एखादे काका विचारतात, "पावती कुणाची?" तिथे सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारायला हवा, कारण पुढचे सगळे कागद त्याच्या उत्तरावर ठरतात.

महाराष्ट्रात धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे घ्यायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. नोंदणीकृत ट्रस्ट स्वतःच्या पावतीपुस्तकावर देणगी घेऊ शकतो. जो गट कुठेच नोंदलेला नाही, मग ती सोसायटीतली मुलं असोत की कॉलेजचा मित्रगट, त्याला कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं दरवर्षी घेतात ती हीच. ती फक्त उत्सवांसाठी असते असं बरेच जण धरून चालतात, तसं नाही. परवानगीविना वर्गणी गोळा केली तर कायद्यात शिक्षेची तरतूद आहे, आणि "मुलंच होती हो" हे उत्तर त्यांच्यामागे उभ्या असलेल्या मोठ्या माणसांना वाचवत नाही.

अर्ज कोण करू शकतं

१८ वर्षं पूर्ण झालेली व्यक्तीच. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्या, व्यक्तीला करार करता येत नाही, त्यामुळे अर्जदार, ठरावावर सही करणारे आणि बँकेत सही देणारे सगळे सज्ञान हवेत. अध्यक्ष म्हणून ज्या मुलाचं नाव टाकलं त्याला अठरा पूर्ण व्हायला दोन महिने बाकी आहेत, हे आधार कार्डावरची जन्मतारीख वाचली की लगेच दिसतं आणि अख्खा अर्ज परत येतो. कामाचं नियोजन, अंदाजपत्रक, वर्गणीची फेरी, हिशोबाची वही हे सगळं मुलांनीच करावं. तिथे वयाची अट नाही. फक्त कागदावरची नावं दोन-तीन जबाबदार पालकांची किंवा शिक्षकांची असू द्या. सोबत प्रत्येक मुलाच्या पालकांचं संमतिपत्र फाइलला लावून ठेवा. कार्यालय ते मागेलच असं नाही, पण फेरीत काही झालं तर पहिली चौकशी त्याचीच होते.

एजंट अनेकदा सांगतात, "संस्थाच काढून टाका." एका उपक्रमासाठी हे करू नका. संस्था नोंदणी कायदा, १८६० खाली किमान सात सज्ञान सदस्य लागतात. नोंदणी झाली की दरवर्षीचे हिशोब आणि विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट (तो बदल धर्मादाय कार्यालयात नोंदवण्याचा अर्ज) हे मागे लागतं. मुलं बारावी होऊन पांगतात, संस्था कागदावर उरते आणि नोटिसा ज्यांच्या सह्या आहेत त्यांच्या घरी येतात.

सोपा रस्ता : ट्रस्टच्या पावतीवर

पहिल्यांदाच करत असाल तर एखाद्या चांगल्या ट्रस्टचं अधिकारपत्र घ्या आणि त्याच्या पावतीपुस्तकावर काम करा. अधिकारपत्रात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: कोणत्या कामासाठी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या भागात, आणि पावती क्रमांक कितीपासून कितीपर्यंत.

ट्रस्टकडून नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, शेवटचा ऑडिट रिपोर्ट आणि शेड्युल वनचा (धर्मादाय कार्यालयातली ट्रस्टची नोंद, ज्यात विश्वस्तांची नावं असतात) ताजा उतारा मागा. मागायला संकोचू नका, चांगली संस्था आनंदाने देते. शेड्युल वन नीट वाचा. बऱ्याच संस्थांत चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षं पडून असतात, आणि आज सही करणारे गृहस्थ नोंदीप्रमाणे विश्वस्तच नसतात. मग बँक हरकत घेते आणि मुलांची मेहनत अडकते. ट्रस्टचा उद्देशही तपासा. शाळा चालवण्यासाठी असलेला ट्रस्ट पूरग्रस्तांच्या घरदुरुस्तीसाठी पैसे घेऊ लागला, तर तो खर्च ऑडिटमध्ये अडतो.

शाळेचा उपक्रम असेल तर मुख्याध्यापकांचं पत्र पुरेसं नाही. शाळा ज्या संस्थेची आहे तिचा ठराव आणि तिचीच पावती लागते. मुख्याध्यापक उत्साहाने पत्र देतात, संस्थेच्या कार्यालयाला पत्ताच नसतो, आणि गॅदरिंगच्या आदल्या दिवशी सगळं थांबतं.

याहून सोपं म्हणजे पैसे हातात न घेणं. मुलांनी आवाहन करावं, माहिती सांगावी, आणि देणगीदाराने थेट संस्थेच्या किंवा मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या खात्यात रक्कम भरावी. खाते क्रमांक मात्र अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा, फॉरवर्ड होत आलेल्या चित्रावरून नाही. ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाचं निधी संकलनही शिकायला चांगलं. ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत चालतं, त्यामुळे मुलांना स्वतंत्र परवानगीच्या खटाटोपात पडावं लागत नाही.

स्वतःच्या नावाने करायचं तर : कलम ४१ क

अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. लॉगिन करणं, माहिती भरणं, कागद अपलोड करणं यात अवघड काही नाही. साधारणपणे लागतात ते कागद असे: सदस्यांचा ठराव, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं, जागामालकाचं संमतिपत्र आणि त्या जागेचं वीजबिल, नगरसेवक किंवा सरपंच यांचं पत्र, आणि आधी परवानगी घेतली असेल तर त्या परवानगीची प्रत व त्या वेळचा हिशोब. जिल्ह्याप्रमाणे एखादा कागद कमी-जास्त होतो, म्हणून अर्ज भरण्याआधी आपल्या कार्यालयातली यादी बघून घ्या.

सगळ्यात जास्त अर्ज जागेच्या कागदावर अडतात. मुलांच्या गटाला कार्यालय नसतं, म्हणून कुणाच्या तरी घरचा पत्ता दिला जातो. संमतिपत्र वडिलांच्या नावाने आणि बिल अजून आजोबांच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावाने. नावं जुळली नाहीत की त्रुटी. सोसायटीची जागा असेल तर सचिवांची सही आणि शिक्का असलेलं लेटरहेडवरचं पत्र घ्या, आणि कॉमन मीटरचं बिल कुणाच्या नावाने येतं ते आधी पाहा. कित्येक इमारतींत ते अजून बिल्डरच्याच नावाने असतं. अशा वेळी ज्याचं घर आणि बिल एकाच नावावर आहे असा पालक शोधणं हा सर्वांत लवकर सुटणारा मार्ग. वॉर्डात निवडून आलेला नगरसेवकच नसेल तर पत्र कुणाचं चालेल, हे कार्यालयातच विचारा. हे संकेतस्थळावर ठळक लिहायला काय हरकत आहे, कळत नाही. त्यापायी लोकांना विनाकारण खेटे घालावे लागतात.

दुसरी अडचण उद्देशाची. "समाजसेवा" किंवा "गरजूंना मदत" एवढंच लिहिलं तर प्रश्न येणारच. कायद्यात धर्मादाय उद्देश म्हणून गरिबी किंवा संकट निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत असे गट दिलेले आहेत. आपलं काम त्यातल्या एकात नेमकं बसवा. ठराव असा लिहिता येईल:

"दि. …… रोजी …… येथे झालेल्या बैठकीत एकमताने ठरले की, …… वस्तीतील पाचवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना वह्या, पुस्तके व परीक्षा शुल्क यांकरिता मदत करण्यासाठी दि. …… ते दि. …… या काळात …… या हद्दीत लोकवर्गणी गोळा करावी. अपेक्षित रक्कम रु. ४०,००० असून खर्च सोबतच्या अंदाजपत्रकाप्रमाणे करावा. अर्ज करणे, पावतीपुस्तके ताब्यात ठेवणे व हिशोब सादर करणे याचे अधिकार …… व …… यांना देण्यात येत आहेत. शिल्लक राहिल्यास ती रक्कम …… या नोंदणीकृत संस्थेस द्यावी."

शेवटचं वाक्य गाळू नका. उरलेल्या पैशावरून जेवढी भांडणं होतात तेवढी वर्गणीवरून होत नाहीत.

तिसरी गोष्ट मुदतीची. परवानगीपत्रावरच्या "पासून–पर्यंत" या तारखा वर्गणी गोळा करण्याच्या असतात. कार्यक्रम तारखेला झाला आणि राहिलेले लोक नंतर आठवडाभर पैसे देत राहिले, तर ते पैसे परवानगीबाहेरचे. तसंच अर्ज सादर झाल्याची पोच म्हणजे परवानगी नव्हे. पोच मोबाइलवर दाखवत फिरणारे गट दिसतात. ते चूक आहे. गणेशोत्सव आणि नवरात्राच्या आधी कार्यालयांवर मंडळांच्या अर्जांचा भार असतो, म्हणून शक्य असेल तर ते आठवडे टाळा.

पैसा कुठे ठेवायचा

आईच्या किंवा मित्राच्या वैयक्तिक यूपीआयवर देणग्या घेऊ नका. ते पैसे त्या व्यक्तीच्या घरखर्चात मिसळतात, आयकराच्या वेळी खुलासा द्यावा लागतो, आणि देणगीदाराला स्क्रीनवर एक नाव तर पावतीवर दुसरंच दिसतं. दहा वर्षांवरील मुलांना स्वतः चालवता येणारं बचत खातं मिळतं, पण ते त्यांच्या स्वतःच्या पैशासाठी असतं. नोंदणी नसलेल्या गटाचं खातं उघडायला बँका पॅन आणि ठराव मागतात आणि पुष्कळदा नाहीच म्हणतात. म्हणून अर्ज भरण्याआधी शाखेत जाऊन विचारा. तिथे नकार मिळाला तर ट्रस्टच्या पावतीचा रस्ताच धरा.

आयकरातल्या सवलतीची आश्वासनं देऊ नका. ८०जीची सवलत फक्त तशी मान्यता असलेल्या संस्थेच्या देणगीवर मिळते. २,००० रुपयांहून जास्त रोख देणगीवर ती मिळत नाही, वस्तूंवर मिळत नाही, आणि नवीन करप्रणाली निवडलेल्यालाही नाही. पोस्टरवर "८०जी उपलब्ध" छापून नंतर माफी मागत फिरावं लागतं.

परदेशातल्या नातेवाइकांच्या पैशाबाबत जास्त जपा. विदेशी अंशदान (विनियमन) कायदा, २०१० खालील नोंदणी नसेल तर परदेशी नागरिकाकडून देणगी घेता येत नाही, तो मूळचा इथलाच असला तरी. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी मामाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे यात मोडत नाहीत. तेव्हा मामाला आधी विचारा, पासपोर्ट कुठला?

कार्यक्रमाच्या परवानग्या

ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची लेखी परवानगी घ्या. रात्री १० ते सकाळी ६ तो बंद. मैदान किंवा रस्ता हवा असेल तर पालिका आणि पोलीस ठाणं दोन्हीकडे अर्ज. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षा नोंदणी असलेला विक्रेता बसवा.

तिकीट विकून लकी ड्रॉ काढायची कल्पना प्रत्येक गटाला सुचते. सरकारी परवानगीशिवाय लॉटरी चालवणं गुन्हा आहे, कारण चांगलं असलं तरी. त्याऐवजी जुन्या पुस्तकांची विक्री, चित्रांचा लिलाव किंवा नाटकाचा प्रयोग ठेवा. ज्यांच्यासाठी निधी आहे त्या बालगृहातल्या मुलांचे फोटो पोस्टरवर छापू नका. बाल न्याय कायदा, २०१५ अशा मुलांची ओळख जपायला सांगतो, आणि कायदा नसता तरी ते छापणं बरं दिसलं नसतं.

हिशोब

रोख रकमेचा डबा दोघांनी मिळून उघडायचा, त्यांतला एक सज्ञान. नोटा-नाणी मोजून कागदावर लिहायची, दोघांनी सह्या करायच्या आणि रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत भरायची. खर्च आधी या पैशातून करून उरलेले भरू नका; मग जमा रक्कम कधीच जुळत नाही. फाटलेली किंवा चुकलेली पावती "रद्द" लिहून पुस्तकातच ठेवा. प्रत्येक खर्चाला बिल हवं, रिक्षाभाड्यासाठी निदान सही केलेलं व्हाउचर.

परवानगीपत्रात दिलेल्या मुदतीत हिशोब सादर करा. परीक्षा आली म्हणून इथेच बहुतेक गट थांबतात. सादर केल्याची पोच घ्या आणि ती एखाद्या मुलाच्या मोबाइलमध्ये न ठेवता सही करणाऱ्या पालकांच्या फाइलला लावा. पुढच्या वर्षी नववीतल्या दुसऱ्या मुलांसाठी अर्ज होईल तेव्हा कार्यालय सर्वांत आधी तीच मागणार आहे.