हातपाय धड, मग दिव्यांगाचा दाखला कसा?

‘चालता-फिरता माणूस, त्याला कोण अपंग म्हणेल?’ सिकलसेल किंवा हिमोफिलियासारख्या रक्ताच्या आजारांच्या रुग्णांना हे वाक्य अजूनही ऐकवलं जातं. समज जुन्या कायद्यातून आलाय. 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते आणि रक्ताचे आजार त्यांत नव्हतेच. 2016च्या कायद्याने ही यादी 21 वर नेली. आता सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस हे सगळे तिच्यात आहेत.

दाखल्याचा अर्ज स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात. रक्ताचे जुने रिपोर्ट, रक्त चढवल्याच्या नोंदी, डिस्चार्ज कार्डं, सगळी फाईल सोबत न्या. दुखण्याचा झटका काही तपासणीच्या दिवशी वेळ पाळून येत नाही. सिकलसेलचा नुसता वाहक असाल, म्हणजे जनुक आहे पण आजार नाही, तर मात्र दाखला नाही.

बहुतेक सवलतींना दाखल्यावर किमान 40 टक्के अपंगत्व लागतं. तेवढं असलं तर उच्च शिक्षणातल्या 5 टक्के राखीव जागांवर हक्क आहे. सरकारी नोकरीतल्या 4 टक्क्यांत मात्र रक्ताचे आजार धरलेले नाहीत, हे मला तरी अन्यायाचं वाटतं.

डायलिसिसवाले या यादीत नाहीत. त्यांनी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करावी. योजनेतल्या रुग्णालयात रुग्णांच्या मदतीला आरोग्यमित्र बसलेला असतो.