९४ वर अडलेला वेग आणि नव्या राउटरची निवड

गेल्या वर्षी आम्ही घरच्या ब्रॉडबँडची योजना १०० एमबीपीएसवरून ३०० एमबीपीएसवर नेली. बिल वाढले, पण वेग मात्र वाढेना. सकाळी तपासला तरी ९४ आणि मध्यरात्री तपासला तरी ९४. राउटर पाच वर्षांचा होता, त्यामुळे दोष त्याचाच असणार असे धरून नवा आणण्याचे जवळजवळ ठरले होते. परंतु तो आकडा इतका स्थिर का, हा प्रश्न मनातून जाईना. वायफायचा वेग असा एका जागी कधीच थांबत नाही. मधले दार लावले किंवा कोणी फोनसमोरून उठून गेले तरी तो खालीवर होतो. दिवसरात्र एकच आकडा येत असेल, तर अडथळा हवेत नसून तारेत असण्याची शक्यता अधिक.

९४ या आकड्यामागे सरळ हिशेब आहे. इथरनेटच्या तारेवरून माहिती लहान लहान पाकिटांतून जाते. एका पूर्ण पाकिटासाठी तारेवर १५३८ बाइटांइतका वेळ खर्च होतो, पण त्यात आपली खरी माहिती जास्तीत जास्त १४६० बाइट असते. उरलेली जागा पत्ते, तपासणीचे अंक आणि दोन पाकिटांमध्ये सक्तीने सोडलेले अंतर यांत जाते. म्हणजे १०० एमबीपीएसच्या तारेवर हाती येतात सुमारे ९५, आणि ब्रॉडबँडच्या जोडणीचे स्वतःचे काही बाइट वजा जाता ९३ किंवा ९४. हा आकडा दिसला की वाटेत कुठेतरी १०० चा सांधा आहे असे समजावे.

आमच्याकडे तो सांधा फायबरच्या डब्यापासून राउटरपर्यंत आलेल्या हातभर केबलमध्ये निघाला. इथरनेटच्या केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएससाठी त्यांतील दोन पुरतात. १००० एमबीपीएससाठी, म्हणजे गिगाबिटसाठी, चारही लागतात. टोकाच्या पारदर्शक जॅकमधून निरखून पाहिले तेव्हा नारिंगी आणि हिरवी जोडी पितळी पिनांपर्यंत पोहोचलेली दिसली, तर निळी आणि तपकिरी जोडी आवरणाच्या कडेलाच कापलेली होती. नवी केबल लावताच तारेने जोडलेल्या लॅपटॉपवर २८० च्या पुढे वेग मिळू लागला. म्हणून खरेदीला निघण्यापूर्वी लॅपटॉप तारेने जोडून वेग तपासणे आवश्यक आहे. तिथेच वेग कमी असेल, तर कितीही महाग वायफाय घेतले तरी तो वाढणार नाही.

हाच सांधा कित्येकदा राउटरच्या पोटातही असतो. स्वस्त राउटरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘३०० एमबीपीएस’ असते, पण तो आकडा रेडिओचा, म्हणजे वायफायचा असतो. मागचे पोर्ट मात्र १०० चेच असतात. बारीक अक्षरांत ‘१०/१००’ लिहिले असेल तर तो राउटर बाजूला ठेवावा. ‘१०/१००/१०००’ किंवा ‘गिगाबिट’ असे लिहिलेले हवे. माझ्या मते निवडीची पहिली कसोटी हीच, आणि दुकानात ती सहसा कोणी सांगत नाही.

खोक्यावरचे मोठे आकडे बेरजेचे असतात. ‘एएक्स ३०००’ म्हणजे वायफायच्या दोन पट्ट्यांवरच्या वेगांची, २.४ गिगाहर्ट्झवरचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवरचे २४०२ यांची ढोबळ बेरीज. फोन मात्र साधारणपणे एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतो. शिवाय २४०२ साठी १६० मेगाहर्ट्झ रुंदीची वाहिनी (चॅनेल) लागते आणि पुष्कळ फोन ८० वरच थांबतात, म्हणजे १२०१ झाले. त्यातही एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे असल्यामुळे प्रत्यक्षात निम्मा किंवा थोडा अधिक वेग हाती येतो. ३०० एमबीपीएसच्या जोडणीला तो भरपूर आहे.

वायफाय ६, म्हणजे वायफायची सहावी पिढी, घ्यावे असे मी सुचवतो ते वेगळ्या कारणासाठी. आधीच्या पिढ्यांत एखाद्या उपकरणाला चार अक्षरांचा निरोप धाडायचा असला तरी पूर्ण वाहिनी त्याच्याच ताब्यात जाई. एका प्रवाशासाठी अख्खी एसटी सोडावी तसे. वायफाय ६ मध्ये २० मेगाहर्ट्झच्या वाहिनीचे नऊपर्यंत भाग पाडून ते एकाच वेळी वेगवेगळ्या उपकरणांना देता येतात. टीव्ही, चार फोन, कॅमेरा आणि लॅपटॉप एकत्र चालणाऱ्या घरात याचा उपयोग होतो, मात्र ती उपकरणेही वायफाय ६ ची असावी लागतात.

भिंतींचे गणित याहून कठीण आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याच्या आसपास. आखूड लहर भिंतीतून जाताना अधिक क्षीण होते. संकेत १० डेसिबलने घटला म्हणजे त्याची शक्ती एक दशांश उरली, आणि सळयांनी भरलेला आरसीसीचा खांब, लोखंडी कपाट, आरशामागचा धातूचा थर किंवा पाण्याचे पिंप वाटेत आले की अशी घट सहज होते. २.४ गिगाहर्ट्झ दूर पोहोचतो, पण त्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. सोसायटीत पंधरा-वीस घरांचे राउटर त्या तिघींवरच दाटी करतात. जास्त अँटेना असलेला राउटर मोठ्याने ‘ओरडतो’ हा समजही खरा नाही, कारण प्रक्षेपणाच्या शक्तीवर कायद्याची मर्यादा आहे, आणि राउटरचा आवाज फोनपर्यंत पोहोचला तरी फोनचे क्षीण उत्तर राउटरला ऐकू यायला हवे.

त्यामुळे तीन खोल्यांपलीकडच्या घरात एका बलाढ्य राउटरपेक्षा दोन साधे बरे. दुसरा तारेने जोडावा. हवेतूनच ऐकून त्याच वाहिनीवर पुन्हा बोलणारा रिपीटर लावला, तर प्रत्येक पाकीट दोनदा बोलले जाते आणि वेग निम्म्यावर येतो.

खरेदीपूर्वी कंपनीला एक गोष्ट अवश्य विचारावी. फायबरचा डबा प्रकाशाच्या संकेतांचे विजेच्या संकेतांत रूपांतर करतो आणि त्याची नोंद कंपनीकडे असते, त्यामुळे तो सहसा परस्पर बदलता येत नाही. तो ब्रिज मोडवर, म्हणजे स्वतः राउटरचे काम न करता फक्त संकेत पुढे देणाऱ्या स्थितीत, ठेवून देतील का आणि जोडणीचे युजरनेम-पासवर्ड मिळतील का, हे आधी कळायला हवे. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) आणि राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचे, म्हणजे फर्मवेअरचे, नियमित अपडेट देणारा उत्पादक पाहावा.

आमच्या घरी अखेर गिगाबिट पोर्टचा, वायफाय ६ चा मध्यम किमतीचा राउटर आला आणि टीव्हीच्या मागे न जाता पॅसेजमधल्या उघड्या फळीवर बसला. जुन्याचे पोर्टही गिगाबिटच होते. टीव्हीच्या केबलसाठी भिंतीत घातलेल्या पाइपमधून तार ओढून तो मागच्या खोलीत ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे तारेने आलेले इंटरनेट फक्त वायफायने पसरवण्यासाठी लावला, आणि पूर्वी जिथे व्हिडिओ कॉल तुटत असे तिथे आता फोनवर २०० च्या वर वेग मिळतो.