गळावर बांधलेली माशी

कोल्हापूरच्या गुजरीत, सराफांच्या पेठेत, आईचा साज गाठवून आणायला गेलो होतो. पटवेकरी काका पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून रेशमाचे वेढे घेत बसले होते. दोऱ्याला मेण लावायचं, ताण जराही सैल न करता एकाला एक लागून वेढे घ्यायचे आणि शेवटी दोऱ्याचं टोक त्याच वेढ्यांच्या पोटातून ओढून घ्यायचं. गाठ कुठंच दिसत नाही. मी खिशातली डबी काढली आणि त्यातली एक माशी, म्हणजे मासे फसवायचं नकली आमिष, त्यांच्या तळहातावर ठेवली. नखाएवढा गळ, त्यावर तपकिरी दोरा, कोंबड्याच्या पिसाची गोल झालर, मागे तीन केसांची शेपटी. त्यांनी चष्मा वर सरकवला, अंगठ्याच्या नखानं डोक्याजवळचा दोरा जरा खरवडला आणि म्हणाले, "गाठ मारलीसा व्हय? गाठ म्हंजे कच्चं काम."

त्यांचं म्हणणं खरंच होतं. जगभरचे माशी बांधणारे शेवटी गाठ मारत नाहीत, असंच टोक वेढ्यांखाली दाबतात. दोरा गोल वस्तूभोवती फिरतो तेव्हा घर्षण वेढ्यागणिक बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतं. घर्षणांक 0.3 धरला तर एका पूर्ण वेढ्यानंतर दोरा सुमारे साडेसहा पट ओढ सोसतो, दोन वेढ्यांनंतर चाळीस पटींहून जास्त. विहिरीवर मोट चालायची तेव्हा सोल खुंटाला दोन वेढे देऊन अडकवलेला ज्यानं पाहिला असेल, त्याला हे सूत्राशिवायही पटेल. मेण दोऱ्याला चिकटपणा देतं, म्हणून ते काकांनाही लागतं आणि मलाही.

ही माशी कशासाठी, ते आधी सांगायला हवं. पंचगंगेच्या घाटावर गळ टाकणारे कणकेची गोळी किंवा गांडूळ लावतात. आमिषाचं आणि शिशाचं वजन तंगूस लांब नेतं. माशीला मात्र वजनच नसतं. फुंकर मारली तरी उडेल. त्यामुळे या प्रकारात जड असते ती दोरी. मध्यम जाडीच्या अशा दोरीच्या पहिल्या 30 फुटांचं, म्हणजे सुमारे 9 मीटरचं, वजन 9 ग्रॅमच्या आसपास ठरवलेलं असतं. काठीच्या झटक्यानं दोरीचा फास हवेत पुढे उलगडत जातो, टोकाकडे ती निमुळती होते आणि माशी पाण्यावर हलकेच टेकते.

ही कला जुनी आहे. इसवी सन 200 च्या सुमारास रोमन लेखक ईलियन यानं मॅसेडोनियातल्या कोळ्यांबद्दल लिहून ठेवलं आहे. ते गळावर लाल लोकर गुंडाळत आणि तिला कोंबड्याच्या गळ्याजवळची दोन मेणाच्या रंगाची पिसं बांधत. खरी माशी हाताळली की तिचा रंग उडतो, पंख चुरगळतात, ती आमिषाला निकामी होते, म्हणून त्यांनी ही युक्ती काढली. पुढे युरोपात, मुख्यतः इंग्लंडमध्ये, ट्राउट माशासाठी ही विद्या वाढली. आपल्याकडे ट्राउट काश्मीर, हिमाचल, निलगिरीच्या थंड पाण्यात इंग्रजांनी आणून सोडला. कोल्हापूरच्या कोमट नद्यांत तो टिकणार नाही. इथं खडस आहे, मरळ आहे.

माशी पहिल्यांदा बघणारा एकच प्रश्न विचारतो: हे किड्यासारखं कुठं दिसतं? सहा पाय नाहीत, डोळे नाहीत, मधोमध लोखंडाचा आकडा. या प्रश्नानं मला या छंदात ओढलं. माशी किड्याची प्रतिकृती नसते. मासा ज्या दोन-तीन खुणांवरून "खाणं" ओळखतो, तेवढ्याच खुणा तिच्यात असाव्या लागतात.

डच प्राणिशास्त्रज्ञ निको टिंबर्गन यांनी हे फार सुंदर दाखवलं. स्टिकलबॅक नावाच्या चिमुकल्या माशाच्या नराचं पोट विणीच्या काळात लाल होतं आणि आपल्या हद्दीत दुसरा लाल पोटाचा नर आला की तो हल्ला करतो. टिंबर्गन यांनी हुबेहूब माशासारखा, पण लाल रंग नसलेला नमुना पाण्यात धरला. त्याच्याकडे नरानं फारसं लक्ष दिलं नाही. मग अगदी ओबडधोबड, माशासारखा न दिसणारा, पण खालची बाजू लाल असलेला ठोकळा धरला. त्यावर तो तुटून पडला. प्राण्यांच्या वर्तनावरच्या कामासाठी टिंबर्गन यांना 1973 मध्ये नोबेल मिळालं.

मग माशाला पृष्ठभागावरच्या किड्याची कुठली खूण दिसते? आपल्यापैकी बरेच जण विहिरीत पोहायला शिकले. बुडी मारून, डोळे उघडे ठेवून वर पाहिलेलं आठवतं का? डोक्यावर उजेडाचं एक गोल तबक असतं. काठावरची माणसं, झाड, आभाळ, सगळं त्या तबकात आकसून बसलेलं. तबकाच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो आणि त्यात तळाचंच प्रतिबिंब पडतं. प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे वरचं अख्खं जग सुमारे 97 अंशांच्या शंकूत मावतं. मासा एक फूट खोल असेल तर त्याचं तबक साधारण 69 सेंटीमीटर रुंद असतं. तो जितका वर येईल तितकं ते लहान होतं.

आता प्रवाहाबरोबर एक किडा वाहत येतो आहे असं समजा. तो अजून तबकाच्या बाहेर आहे, त्यामुळे त्याचं अंग, रंग, पंख यातलं काहीच माशाला दिसत नाही. दिसतात ते फक्त त्याचे पाय पाण्याला जिथं टेकले तिथले खळगे. त्या काळपट आरशात हे खळगे उजेडाच्या ठिणग्यांसारखे चमकतात. मासा हलायला लागतो तो या ठिणग्यांवर. किडा जवळ आला की तबकाच्या कडेवर आधी पंखांची टोकं उगवतात आणि अंग सर्वांत शेवटी दिसतं. म्हणून तरंगत्या माशीवर सगळी मेहनत पिसाच्या झालरीवर असते. ती डझनभर बारीक तंतूंवर पाण्यावर उभी राहिली पाहिजे.

ती उभी कशी राहते? पाण्याचा पृष्ठताण नेहमीच्या तापमानाला मीटरमागे सुमारे 0.072 न्यूटन असतो. पाण्यावर आडवा पडलेला, न भिजणारा एक सेंटीमीटर लांबीचा तंतू त्या जोरावर जास्तीत जास्त सुमारे 0.15 ग्रॅम वजन पेलू शकतो. बारीक तारेच्या छोट्या गळाला एवढं भरपूर झालं. खरी अट "न भिजणारा" ही आहे. कोंबड्याच्या मानेच्या लांब पिसाचे तंतू ताठ, गुळगुळीत आणि तुकतुकीत असतात, पाणी धरत नाहीत. पिसाच्या बुडाशी लव असते, ती पाणी शोषते, म्हणून तेवढा भाग कापून टाकायचा. माझी पिसं गावठी कोंबड्याची, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी गावाकडून येतात. कोंबडीचं पीस मऊ असतं. ते बुडणाऱ्या माशीला लावलं की पाण्यात पायांसारखं हलतं. एकाच खुराड्यात दोन्ही कामांचा माल.

मोराच्या पिसाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माझ्या डबीत त्याच्याइतकं अजब काहीच नाही. त्यात हिरवा रंग नाही. तंतूच्या उपशाखांमध्ये मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याच्या कांड्या जाळीसारख्या रचलेल्या असतात. त्यांच्यातलं अंतर 140 ते 165 नॅनोमीटरच्या आसपास असतं आणि त्या अंतरात जरासा फरक पडला की निळा, हिरवा, पिवळा असा परावर्तित प्रकाश बदलतो. हा हिरवा रंगद्रव्याचा नाही, रचनेचा आहे, त्यामुळे तो पाण्यात धुऊन जात नाही. गळावर त्याचे सात-आठ वेढे दिले की केसाळ, चमचमतं अंग तयार होतं, आणि कुठल्याही एका किड्यासारखं नसूनही मासे ते उचलतात. मी वापरतो ती मोरानं आपोआप गाळलेली पिसं.

एक पीस मात्र माझ्या डबीत कधीच नसेल. दाजीपूरच्या जंगलात भल्या पहाटे ज्याची बांग ऐकू येते, त्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसांच्या टोकाला पिवळसर, पांढरट ठिपके असतात. तिथं पिसाचा दांडाच पसरून चपटा होतो आणि लाखेचा थेंब गोठावा तसा चकाकतो. इंग्लंडमधल्या सॅमन माशाच्या गळांवर हे पीस डोळ्यासारखं लावायची रीत पडली आणि त्यापायी आपल्या सह्याद्रीतले कितीतरी पक्षी मारले गेले. आता वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे. परदेशात हौशी लोक पाळलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात. गळावर डोळा काढायला काळ्या दोऱ्यावर वॉर्निशचा एक थेंबही पुरतो. पहाटेची ती बांग मला जास्त मोलाची आहे.

कुठली माशी बांधायची हे नदी सांगते. वरच्या अंगाला, कुंभी-कासारीच्या खळाळत्या पाण्यात, दगड उलटा करून पाहा. खालच्या बाजूला चपट्या अंगाचे, दोन-तीन शेपट्यांचे किडे दगडाला घट्ट धरून सरकतात. ही मेफ्लायची पिल्लं. पंख फुटलेल्या मेफ्लायला खाण्यासाठी चालणारं तोंडच नसतं, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत मरायचं. पिल्लांना भरपूर प्राणवायू असलेलं पाणी लागतं. शहराखाली सांडपाणी मिसळलेल्या गाळात हात घातला की दुसरंच दिसतं, दोऱ्यासारख्या लालभडक अळ्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून कमी प्राणवायूतही त्या तगतात. त्यांची नक्कल सर्वांत सोपी आहे: गळ आणि लाल दोरा. पण ज्या पाण्याला फक्त ही एकच माशी लागते, तिथून मी मुकाट्यानं काठी गुंडाळून येतो.

खडस म्हणजे आपला महसीर. त्याचं शास्त्रीय नाव टोर खुद्री, आणि त्यातलं 'खुद्री' हे 1839 मध्ये कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून दिलं. खडस किडेच खातो असं नाही, पाण्यावर वाकलेल्या झाडांची पडणारी फळंही गिळतो. या कुळातल्या माशांमध्ये हवेची पिशवी आणि कान यांना जोडणारी हाडांची छोटी साखळी असते, त्यामुळे त्यांना आवाज फार चांगला ऐकू येतो. उंबर पाण्यात पडल्याचा "डुबुक" हीच त्याची खूण.

तेव्हा मी गेल्या हंगामात उंबर बांधलं. जुन्या हवाई चपलेच्या तळव्याचा वाटाण्याहून मोठा गोल तुकडा, त्यावर तांबूस लोकर, आणि काकांनी दाखवलं तसं गाठीविना संपवलेलं टोक. गळाच्या टोकामागचा उलटा काटा चिमट्यानं दाबून सपाट केला, म्हणजे मासा फारशी इजा न होता परत सोडता येतो. रीतसर परवानगी असलेल्या ठिकाणी, खऱ्या उंबराच्या झाडाखाली, ते डुबुक करून पाडलं. पहिल्या दोन फेकींना काही नाही. तिसऱ्या फेकीला डोहातून एक लांबट सोनेरी अंग वर आलं आणि उंबराखाली वीतभर अंतरावर थांबलं. तेवढ्यात मधल्या वेगाच्या धारेनं माझी दोरी ताणली आणि उंबर प्रवाहाला आडवं बोटभर सरकलं. मासा वळला आणि शेपटीचा एक हेलकावा देऊन खाली गेला. झाडावरून पडलेलं उंबर प्रवाहाला आडवं कधीच जात नाही.