ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनी

ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनी ही आजच्या झिंबाब्वे व झांबिया या देशांवर ब्रिटिश अंमल बसवणारी लंडनमधील सनदी कंपनी. राणी व्हिक्टोरियाने २९ ऑक्टोबर १८८९ रोजी तिला सनद दिली. तिच्यामागची मुख्य व्यक्ती म्हणजे किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींवर गबर झालेला सेसिल ऱ्होड्स (१८५३–१९०२). त्याच्याच नावावरून या मुलखाला ऱ्होडेशिया म्हणू लागले. दक्षिण ऱ्होडेशियात १९२३ पर्यंत आणि उत्तर ऱ्होडेशियात १९२४ पर्यंत कंपनीचे राज्य होते.

‘कंपनी सरकार’ म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. राजाची सनद घेऊन व्यापाऱ्यांनी मुलूख घ्यायचा, फौज ठेवायची, कर बसवायचा, न्याय करायचा आणि नफा भागधारकांत वाटायचा. ईस्ट इंडिया कंपनीकडून १८५८ मध्ये हिंदुस्थानचा कारभार काढून घेतला गेला आणि १८७४ मध्ये ती कंपनीही मोडीत निघाली, तेव्हा हा प्रकार इतिहासजमा झाला असेच अनेकांना वाटले. पण १८८१ मध्ये उत्तर बोर्निओसाठी, १८८६ मध्ये नायजर नदीच्या खोऱ्यासाठी आणि १८८८ मध्ये पूर्व आफ्रिकेसाठी पुन्हा सनदा निघाल्या. जर्मनी, पोर्तुगाल आणि ट्रान्सवालचे बोअर (डच वंशाचे वसाहतकरी) हे सारे आफ्रिकेच्या आतल्या भागाकडे सरकत होते. पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी यांच्या सरकारला तो भाग हातचा जाऊ द्यायचा नव्हता, पण संसदेकडे त्यासाठी पैसे मागायचीही तयारी नव्हती. खर्च आम्ही करतो, झेंडा तुमचा लावतो, असे म्हणणारा माणूस समोर आला, तेव्हा त्याची पुरती चौकशी करण्याची निकड कोणाला वाटली नाही.

सनद मिळवायची तर आधी हातात काहीतरी हक्क दाखवावा लागतो. तो हक्क ऱ्होड्सने न्देबेले लोकांचा राजा लोबेंगुला याच्याकडून मिळवला. लोबेंगुलाचा बाप म्झिलिकाझी झुलू राजा शाकापासून फुटून उत्तरेला आला होता. १८७० पासून लोबेंगुला बुलावायोला राज्य करत होता आणि पूर्वेकडच्या शोना वस्त्यांपैकी बऱ्याच त्याला खंडणी देत. १८८६ मध्ये ट्रान्सवालात सोने सापडल्यावर त्याच्या मुलखातही तसेच सोने असणार अशी वदंता पसरली. परवाने मागणाऱ्या गोऱ्यांची त्याच्या दाराशी रीघ लागली. फेब्रुवारी १८८८ मध्ये जॉन मोफट या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याच्याशी करार केला. ब्रिटिश हायकमिशनरच्या संमतीवाचून आपला मुलूख कोणालाही देणार नाही, असे राजाने त्यात मान्य केले. ऱ्होड्ससाठी दार उघडले ते इथे.

त्याने तीन माणसे पाठवली : धंद्यातला भागीदार चार्ल्स रड, कायद्याचा जाणकार रॉचफर्ट मॅग्वायर आणि स्थानिक भाषा जाणणारा फ्रान्सिस टॉम्पसन. अनेक आठवड्यांच्या बोलणीनंतर ३० ऑक्टोबर १८८८ रोजी लोबेंगुलाने कागदावर फुली केली. राज्यातल्या सर्व धातूंवर व खनिजांवर एकट्या त्यांचाच ताबा, आणि ती काढण्यासाठी ‘आवश्यक वाटेल ते सर्व’ करण्याचा अधिकार, असे त्या कागदात होते. बदल्यात दर चांद्रमासाला १०० पौंड, १००० मार्टिनी-हेन्री बंदुका, १,००,००० काडतुसे आणि झांबेझी नदीवर एक सशस्त्र आगबोट, किंवा आगबोटीऐवजी ५०० पौंड. राजाला वाचता येत नव्हते. मिशनरी चार्ल्स हेल्म याने दुभाष्याचे काम केले होते आणि नंतर त्यानेच लिहून ठेवले आहे की, खाणीवर १० पेक्षा जास्त गोरे आणणार नाही, गावांजवळ खणणार नाही आणि राज्याचे कायदे पाळू, अशी तोंडी वचने राजाला दिली गेली होती. कागदात यातले एकही आले नाही. न्देबेले दरबारात दिलेल्या शब्दालाच करार मानत. लंडनमध्ये फक्त कागद पोचला, आणि पुढच्या साऱ्या इतिहासाची मेख या एका फरकात आहे.

आपण काय देऊन बसलो हे इतर गोऱ्यांच्या तोंडून कळू लागले तसा लोबेंगुला अस्वस्थ झाला. राणी खरोखर आहे का आणि ती काय म्हणते, हे पाहायला त्याने बाबजान व म्शेते हे आपले दोन सरदार लंडनला पाठवले. विंडसरला त्यांची राणीशी भेट झाली. २६ मार्च १८८९ च्या पत्रात राणीतर्फे राजाला सल्ला दिला गेला की, राजा परक्याला एक बैल देतो, सगळा कळप देत नाही, नाहीतर मागून येणाऱ्यांनी खायचे काय? गुराढोरांवर जगणाऱ्या लोकांना कळेल अशा भाषेतला हा सल्ला प्रामाणिक होता असे मानायला जागा आहे, कारण त्या वेळी वसाहत खात्याचा निर्णय झालेला नव्हता. एप्रिलमध्ये राजानेही लंडनला कळवले : या कागदात माझे शब्द नाहीत आणि तो घेणाऱ्यांचेही नाहीत, म्हणून मी तो मानत नाही. सप्टेंबरमध्ये, कराराच्या बाजूने सल्ला देणारा सरदार लोत्शे याला देहदंड झाला. आलेल्या बंदुका घेतल्या तर कागद मान्य केल्यासारखे होईल, म्हणून राजाने त्यांना हातही लावला नाही.

तिकडे लंडनमध्ये ऱ्होड्सने सगळे विरोधक पैशाने आणि कंपनीच्या भागांनी (शेअर्सनी) आपलेसे केले. याच मुलखावर डोळा असलेले लॉर्ड गिफर्ड व जॉर्ज कॉस्टन संचालक मंडळात आले. ड्यूक ऑफ अॅबरकॉर्न अध्यक्ष झाले आणि युवराजांचे जावई ड्यूक ऑफ फाइफ उपाध्यक्ष. नावे अशी असल्यावर भाग घ्यायला लोकांची झुंबड उडाली. सनदेत तह करणे, कायदे करणे, पोलीस ठेवणे, जमिनी वाटणे, स्वतःचा झेंडा लावणे हे सारे आले. प्रदेशाची दक्षिण व पूर्व सीमा ढोबळ सांगितली होती, उत्तर व पश्चिम सीमा सांगितलीच नव्हती. स्थानिकांचे धर्म व चालीरीती सांभाळाव्यात, गुलामगिरी बंद करावी, दारूला आळा घालावा, अशी कलमेही होती. ती पाळली जातात की नाही हे पाहणारा माणूस मात्र तिथे कोणी नव्हता. राणीने आपले मन बदलल्याचे पत्र चमकत्या गणवेशातले तिच्या घोडदळाचे अधिकारी बुलावायोला घेऊन गेले. त्यात आता रडच्या कागदाची भलामण होती.

एक गोष्ट भागधारकांपासून लपवली गेली. रडचा कागद कंपनीच्या मालकीचा नव्हताच. तो ऱ्होड्स व त्याच्या जवळच्या मंडळींनी वेगळ्याच एका संस्थेच्या नावावर ठेवला होता. कंपनीने सगळा खर्च सोसायचा आणि निम्मा निव्वळ नफा त्या संस्थेला द्यायचा, असा बंदोबस्त होता. सनद मागताना हे सरकारलाही स्पष्ट सांगितलेले नव्हते. बाहेर फुटल्यावर १८९३ मध्ये कंपनीने १० लाख नवे भाग देऊन तो कागद विकत घेतला. लोबेंगुलाची फसवणूक सर्वांना माहीत आहे, पण लंडनमधल्या लहान गुंतवणूकदारांनाही याच हातांनी नाडले होते.

१८९० च्या मध्यास फ्रँक जॉन्सन या २३ वर्षांच्या तरुणाला ठेका देऊन ‘पायोनियर कॉलम’ निघाला. सुमारे २०० वसाहतकरी आणि ५०० च्या आसपास कंपनीचे पोलीस त्यात होते, वाटाड्या होता प्रसिद्ध शिकारी फ्रेडरिक सेलूस. न्देबेले गावे टाळून तांडा पूर्वेकडून शोनांच्या प्रदेशात शिरला. रात्री छापा पडू नये म्हणून बरोबर वाफेच्या इंजिनावर चालणारा प्रखर शोधदिवाही होता. १३ सप्टेंबर १८९० रोजी एका माळावर ब्रिटिश झेंडा उभारून पंतप्रधानांच्या नावाने फोर्ट सॉल्झबरी वसवले. तेच आजचे हरारे. प्रत्येक वसाहतकऱ्याला १५ खाणपट्टे आणि ३००० एकर जमीन कबूल केली होती. कागद खनिजांचा होता, जमिनीचा नव्हता. तरी जमीन वाटली गेली.

हे भोक बुजवायची संधी कंपनीला राजानेच नकळत दिली. ऱ्होड्सला शह बसावा म्हणून १८९१ मध्ये त्याने एडुआर्ड लिपर्ट या जर्मन व्यापाऱ्याला जमिनी देण्याचा हक्क लिहून दिला. लिपर्टने तो कंपनीलाच विकला. त्याचा सौदा आधीच ठरला होता, हे राजाला ठाऊक नव्हते.

सोने अपेक्षेइतके निघाले नाही आणि कंपनीची तिजोरी रिकामी होत चालली. प्रशासक डॉ. लीअँडर स्टार जेमसन याने पोलीस कमी केले. सोने जर इथे नसेल तर पश्चिमेला न्देबेलेंच्या प्रदेशात असेल, आणि गुरे तर नक्कीच आहेत, असा हिशेब मांडला जाऊ लागला. जुलै १८९३ मध्ये न्देबेले तुकडी शोनांवर चालून फोर्ट व्हिक्टोरिया या कंपनीच्या ठाण्यापर्यंत आली, त्याचे निमित्त झाले. स्वयंसेवकांशी झालेला करार वाचला म्हणजे युद्धाचा हेतू वेगळा शोधावा लागत नाही. दर माणशी ६००० एकर, २० खाणपट्टे आणि लूट : निम्मी कंपनीची, निम्मी अधिकारी व शिपायांत सारखी वाटायची. शांगानी (२५ ऑक्टोबर) आणि बेंबेसी (१ नोव्हेंबर) इथे मॅक्सिम मशीनगनींपुढे न्देबेले पलटणी अक्षरशः कापल्या गेल्या. राजाने बुलावायो जाळून उत्तर गाठली. वाटेत त्याने सुमारे १००० पौंडांची सोन्याची नाणी तहाच्या निरोपासह पाठवली. ती कंपनीच्या दोन शिपायांनी लाटली आणि निरोप दडपला. पुढे त्या दोघांना शिक्षा झाली, पण तोवर लोबेंगुला पळतीवरच मरण पावला होता (१८९४).

विजयानंतर कंपनीने राजाची म्हणून गुरे ताब्यात घेतली आणि त्यात सामान्य माणसाचीही गेली. न्देबेलेंसाठी ग्वाइ व शांगानी हे दोन कोरडे, झाडीचे प्रदेश राखून ठेवले, बाकी जमीन गोऱ्यांची. दर झोपडीमागे १० शिलिंग कर बसला. कराला रोकड हवी आणि रोकड मिळायची ती गोऱ्याच्या शेतावर किंवा खाणीत. ज्यांना जायचे नव्हते त्यांना कंपनीचे पोलीस धरून नेत.

१८९५ च्या डिसेंबरअखेर जेमसन कंपनीचे पोलीस घेऊन ट्रान्सवालवर चालून गेला आणि चार दिवसांत पकडला गेला. या प्रकरणात ऱ्होड्सला केप वसाहतीचे पंतप्रधानपद आणि कंपनीचे संचालकपद सोडावे लागले. पोलीस नाहीत आणि त्यातच बुळकांडीने उरलीसुरली गुरे मरत होती. मार्च १८९६ मध्ये न्देबेले उठले आणि जूनमध्ये शोनाही. शोनांना आपण न्देबेलेंच्या जाचातून सोडवले, असे कंपनी सांगत आली होती. त्यामुळे तेही उठले याचा तिला सर्वांत मोठा धक्का बसला. वसाहतीतल्या दहा गोऱ्यांमागे साधारण एक मारला गेला. न्देबेलेंशी ऱ्होड्सने स्वतः मातोपोच्या डोंगरांत बसून तडजोड केली. शोनांना तशी बोलणी मिळाली नाहीत. त्यांच्या आश्रयाच्या गुहा सुरुंगाने उडवल्या गेल्या. नेहांडा या पूर्वज-आत्म्याचे वारे अंगात येणारी चार्वे आणि तसेच वारे अंगात येणारा कागुवी यांना १८९८ मध्ये फाशी दिली. या लढ्याला ‘चिमुरेंगा’ म्हणतात. १९६० व ७० च्या दशकांतल्या स्वातंत्र्यसैनिकांनी आपल्या लढ्यालाही तेच नाव दिले आणि नेहांडाचे नाव घेतले.

यानंतर लंडनने थोडे लक्ष घातले. १८९८ च्या हुकुमाने ब्रिटिश सरकारचा निवासी कमिशनर आला आणि गोऱ्यांचे काही निवडून आलेले सभासद कायदेमंडळात बसू लागले. आगगाडी १८९७ मध्ये बुलावायोला पोचली आणि १९०५ मध्ये व्हिक्टोरिया धबधब्यावर पूल झाला. उत्तरेला बारोत्से राजा लेवानिका याच्याकडून १८९० मध्ये मिळवलेल्या कराराच्या जोरावर कंपनीने झांबेझीपलीकडे हातपाय पसरले. तिथला कारभार १९११ मध्ये उत्तर ऱ्होडेशिया म्हणून एकत्र केला.

कंपनीची खरी पंचाईत न्यायालयात झाली. कोणालाच न दिलेली जमीन कोणाची, हा प्रश्न प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे साम्राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयापुढे गेला. १९१८ च्या निकालात लिपर्टचा कागद जमिनीच्या मालकीपुरता निरुपयोगी ठरला. कंपनीने राज्य केले ते राजसत्तेच्या वतीने, म्हणून जमीन राजसत्तेची. म्हणजे ज्या कागदावर २७ वर्षे हजारो एकर वाटले गेले, तो मालकी देतच नव्हता. मूळ रहिवाशांचा दावाही त्याच निकालाने फेटाळला. त्यांची समाजरचना मालमत्तेच्या कल्पनेपर्यंत पोचलेली नाही, असे कारण दिले गेले. हा भाग आजही वाचवत नाही.

जमीन गेल्यावर राज्य करण्यात कंपनीला रस उरला नाही. २७ ऑक्टोबर १९२२ च्या सार्वमतात, जवळजवळ सर्व गोरेच असलेल्या मतदारांनी दक्षिण आफ्रिकेत सामील होण्याऐवजी (५९८९) स्वशासन निवडले (८७७४). पुढच्या वर्षी दक्षिण ऱ्होडेशिया ब्रिटिश वसाहत झाली आणि कंपनीला ३७,५०,००० पौंड भरपाई मिळाली. सनद मिळाल्यापासून तोवर भागधारकांना एकदाही लाभांश मिळाला नव्हता.

खनिजांचा हक्क मात्र तिने सोडला नाही. दक्षिणेचा हक्क १९३३ मध्ये तिथल्या सरकारने २० लाख पौंडांना घेतला. उत्तरेत तांब्याच्या मोठ्या खाणी सुरू झाल्यावर त्यांच्या स्वामित्वधनाने कंपनी गब्बर झाली. राज्य करून जे कधी मिळाले नव्हते ते राज्य सोडल्यावर मिळाले. २४ ऑक्टोबर १९६४ रोजी झांबिया स्वतंत्र होत असताना, अगदी शेवटच्या घटकेला, ४० लाख पौंड घेऊन कंपनीने हा हक्क सोडला. ती रक्कम ब्रिटिश सरकार आणि नवे झांबिया सरकार यांनी निम्मी-निम्मी भरली. १९६५ मध्ये दोन खाण कंपन्यांशी एकत्रीकरण होऊन चार्टर कन्सॉलिडेटेड ही कंपनी झाली आणि जुने नाव मागे पडले.